घारीची तहान

जावई हा दहावा ग्रह असतो असं म्हणतात. आमच्या घरात मात्र सासूबाईंचा अंमल इतका कडक, की या ग्रहाला फिरायचं असेल तरी आधी त्यांना विचारावं लागतं. मी वेताच्या खुर्च्या विणतो. सासऱ्यांच्या घराचा तळमजला रिकामा होता, मला कामाला जागा हवी होती आणि माझ्या बायकोला आईवडील डोळ्यांसमोर हवे होते. म्हणून आम्ही इथे राहायला आलो. खाली माझं दुकान, मधल्या मजल्यावर सासू-सासरे आणि वर आम्ही दोघं. कोणी घरजावई म्हणून चिडवलं की मी सांगतो, मी भाडेकरू आहे आणि भाडं बोलणी खाऊन फेडतो.

सासरे टॉवर क्रेन चालवायचे. उंच इमारतींच्या बांधकामावर लांब हाताची ती यंत्रं उभी असतात ना, त्यांच्या माथ्यापाशी काचेची एक लहानशी केबिन असते. त्या केबिनमध्ये एकट्याने बसून या माणसाने उभं आयुष्य काढलं. साइटवरचे लोक त्यांना घार म्हणायचे. सकाळी शिडी चढून वर गेले की जेवणाच्या सुट्टीलाच खाली. मधे लघवीला लागली तर सगळी शिडी उतरायची, परत चढायची आणि तोवर खाली सगळी साइट हातावर हात धरून बसणार. घारीने त्यावर सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, गिळायचा आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकायचं.

निवृत्त झाले तरी ती सवय काही सुटली नाही. मग व्हायचं तेच झालं. मुतखडा. एरवी चार शब्दांत दिवस भागवणारा हा माणूस, पण त्या दुखण्यात असा ओरडला की समोरच्या घरातल्या कुत्र्याने भुंकणं थांबवलं. खडा पडला, डॉक्टरांनी सांगितलं, "यापुढे भरपूर पाणी प्यायचं."

'भरपूर' हा शब्द सासूबाईंच्या कानावर पडायला नको होता.

सासूबाईंनी सगळी नोकरी शाळेत शिपाई म्हणून केली. घंटा देणं हे त्यांचं काम. शाळा सुटली तरी त्यांच्या डोक्यातलं वेळापत्रक सुटलेलं नाही. त्यांनी सासऱ्यांच्या पाण्याचे तास पाडले. पहिला तास चहाच्या आधी, दुसरा न्याहारीनंतर, मग मधली सुट्टी, मग पुढचे तास. तास झाला की मधल्या मजल्यावरून हाक यायची, "अहो, पाणी प्यायलात का?" ती हाक मला खाली ऐकू यायची आणि माझ्या हातातलं काम उगाचच थांबायचं. कित्येकदा मीच पाणी पिऊन घेतलं.

सासरेही काही कमी नव्हते. घंटा झाली की बाटली घेऊन जिना उतरायचे, माझ्याकडे येऊन स्टुलावर बसायचे. वेत विणण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर वाकवताना तडकतो. त्यासाठी माझ्याकडे एक मोठा पसरट टब असतो. सासरे जिन्याकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, तुमचा वेत तहानलेला दिसतो." की बाटली टबात रिकामी. रिकामी बाटली वर नेऊन दाखवली की सासूबाई खूश. माझ्या टबात त्या दिवसांत मी नळाचं पाणी क्वचितच घातलं असेल.

मी चहाडी केली नाही. सासूबाईंच्या राज्यात आम्ही दोघंच काय ते विरोधी पक्षात, आपसात फुटून कसं चालेल? शिवाय संध्याकाळी माझी बायको घरी आली की ती वडिलांना स्वतःसमोर बसवून पाणी पाजायचीच. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, गिऱ्हाईक नसलं की फोनवर आरोग्याचं वाचत बसते. आठ ग्लास, दहा ग्लास, वजनाच्या हिशोबाने ग्लास, उठल्याबरोबर कोमट ग्लास. रोज नवा आकडा. मी एकदा म्हटलं, "अगं, हे सांगणारे लोक काय नळावर बसून मोजतात का?" तर मला दोन दिवस वरच्या मजल्यावर नुसतं हं आणि हूं ऐकायला मिळालं.

असं आमचं ठीक चाललं होतं. मग सासरे विसरायला लागले.

म्हणजे या वयात माणूस जेवढा विसरतो तेवढंच. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. दूधवाल्याला द्यायचे पैसे खिशात घेऊन बाजारात फेरी. सासूबाईंनी थट्टा केली, आम्ही हसलो, तेही हसले. पण एका दुपारी ते माझ्याकडे आले, स्टुलावर बसले आणि बाटली मांडीवर तशीच धरून राहिले. मी एका जुन्या आरामखुर्चीची पाठ विणत होतो. वेताचं टोक पकडायला त्यांनी आपण होऊन हात पुढे केला.

"आमच्या दादाची गोष्ट तुम्हाला सांगितली का कधी?" त्यांनी विचारलं.

त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी सगळं विसरले होते एवढं मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालो.

"सगळं म्हणजे काय, ते ऐका. जन्मभर त्याने मला गाढवा म्हणून हाक मारली. माझ्या लग्नातसुद्धा, 'ए गाढवा, पुढे हो.' शेवटचा भेटायला गेलो तेव्हा माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, 'आपण कोण?' आपण! मला म्हणाला आपण." ते वेताच्या टोकाकडे बघत राहिले. "शिवी दिली असती तर नाचत घरी आलो असतो मी."

मी म्हटलं, "बाबा, चष्मा सगळेच विसरतात."

"ते असू द्या. माझं तसं व्हायला लागलं, तर हिला कळू द्यायचं नाही. जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं. एवढं करा माझ्यासाठी."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो, त्यांनी तो होकार समजला. जाताना त्यांनी बाटली उघडली. मी टब पुढे सरकवला. पण ते टबाकडे न बघता सगळी बाटली पिऊन गेले.

त्या दिवसापासून माझ्या टबात त्यांचं पाणी पडलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुधारले. सासूबाईंची हाक आली की ते निमूट पितात. बायको ग्लास घेऊन आली की तोही पितात. मी एकदा सहज विचारलं, "बाबा, पाणी झालं का?" तर माझ्याकडे चमकून बघितलं आणि माठाकडे गेले. जन्मभर झाकण घट्ट लावणारा हा माणूस आता कोणालाच नाही म्हणत नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण आपल्याला अक्कल येते ती नेहमी दुसऱ्या दिवशी.

पुढच्या दिवसांत ते झपाट्याने बिघडले. बोलता बोलता शब्द हरवायचा, मग वाक्यच सोडून द्यायचे. जिना उतरताना भिंत धरायचे. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणायचे. जेवणावरची वासना उडाली. एका सकाळी शर्टाची बटणं एक घर चुकून लावली होती आणि सासूबाईंनी ती न बोलता, न हसता नीट लावून दिली. त्या हसल्या नाहीत हे बघून मला भीती वाटली.

घरात याचं निदान ठरलं होतं. "अंगात पाणी कमी पडतंय यांच्या," सासूबाई म्हणाल्या. बायकोनेही फोनवर वाचलं होतं, की म्हाताऱ्या माणसांना पाणी कमी पडलं तर त्यांचा गोंधळ उडतो. आणि ते खोटं नव्हतंच. तसं होतंही. त्यामुळे दोघींनी आपापले तास वाढवले. एकीने दुसरीला सांगितलं नाही, कारण प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी ढिलाई करते. आणि मी? मला दादांची गोष्ट ठाऊक होती, मी दिलेला शब्द होता, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसलेल्या माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं असतं. मीही खाली त्यांच्यासाठी पाण्याचा एक जग भरून ठेवायला लागलो.

मग ती सकाळ आली. मी दुकानाचं दार उघडत होतो. वरून आवाज आला, "बाजूला व्हा! खाली कोण उभं आहे?"

मी रस्त्यावर येऊन वर बघितलं. सासरे मधल्या मजल्याच्या सज्जात उभे होते. एक हात कठड्यावर, दुसरा हात समोर हवेत काहीतरी हळूहळू मागे ओढत होता. नजर माझ्यावर होती आणि त्या नजरेत मी नव्हतो.

"बाबा, मी आहे!" मी ओरडलो.

"आपण बाजूला व्हा," ते म्हणाले. "माल येतोय."

मला म्हणाले 'आपण'. मी जिना कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. मी वर पोचेपर्यंत ते खाली बसले होते, उलटी झाली होती आणि सासूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्या तोंडाला ग्लास लावत होत्या. "घ्या, एक घोट घ्या, बरं वाटेल." त्यांनी तोही घोट घेतला.

हॉस्पिटलात आम्हाला भेटलेल्या डॉक्टरीणबाई माझ्या बायकोपेक्षाही तरुण होत्या. केस कसेबसे बांधलेले, आवाज मात्र खणखणीत. रक्त तपासायला गेलं. त्या म्हणाल्या, मेंदूचा फोटो काढू, सगळं बघू. सासूबाई बाकावर बसल्या, माझी बायको त्यांच्या शेजारी. कोणी 'तो' शब्द उच्चारला नाही, पण तो आमच्यामध्ये चौथ्या माणसासारखा बसलेला होता.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. "फोटोत काही वावगं नाही. पण यांच्या रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, फारच खाली गेलंय. रक्तदाबाची वगैरे काही गोळी घेतात का?"

बायकोने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "ही गोळी लघवीवाटे मीठ बाहेर टाकते. म्हाताऱ्या माणसांचं सोडियम यामुळे उतरू शकतं. पण इतकं? दिवसाला पाणी किती पितात?"

"पितात बऱ्यापैकी," सासूबाई म्हणाल्या. "मी देते तेवढंच. माझ्या बाटल्या असतात दोन-तीन."

"आणि मी सकाळी कोमट, संध्याकाळी साधं," बायको म्हणाली. "तेही जग भरून."

सासूबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं. "तू पण जग भरून देतेस?"

"मग? तू इतकं देतेस असं कुठे सांगितलंस?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी घसा साफ केला. "खाली माझ्याकडे एक जग असतो. तो संध्याकाळी रिकामा असतो." मग मला सगळंच सांगणं भाग होतं, टबासकट. "पूर्वी ते पाणी ओतून टाकायचे. हल्ली ओतत नाहीत. कोणी काही विचारायच्या आत पितात."

त्या क्षणी सासूबाईंनी माझ्याकडे जे बघितलं, त्यावरून टबाचा हिशोब पुढे निवांत होणार हे मला समजलं. डॉक्टरीणबाई मात्र मनातल्या मनात बेरीज करत होत्या. बेरीज झाल्यावर त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तिघांनी मिळून एका माणसात तीन माणसांचं पाणी भरलंय. रक्त पातळ झालं, मेंदूला सूज आली, फोटोत दिसणार नाही इतकी बारीक. म्हणून हा गोंधळ."

"म्हणजे ते दुसरं... डोक्याचं...?" सासूबाईंना पुढे बोलवेना.

"ते आजच नाही सांगता येणार. मीठ जागेवर आलं की कळेल. आणि ते हळूहळू आणावं लागतं, घाई केली तर मेंदूलाच इजा होते. गोळी बंद. पाणी मी सांगेन तेवढंच."

अति तिथे माती, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. ती माती पाण्याचीही होते हे मला त्या बाकावर कळलं. पण दोष देणार कोणाला? त्या बाकावर बसलेल्या तिघांपैकी एकानेही त्या माणसाचं वाईट चिंतलं नव्हतं.

पहिला दिवस ते नुसते पडून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सासूबाई कॉटजवळ बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले, बाटलीतून थेंब थेंब पडणाऱ्या सलाइनकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "इतकं हळू का?"

"मीठ एकदम वाढवायचं नाही म्हणे," मी म्हटलं.

"बरोबर आहे. माल झटक्यात उचलला की झोका घेतो." मग माझ्याकडे मान वळवली. "जावईबापू, दुकान कोणावर सोडून आलात?"

मी तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं, कारण मला रडू येत होतं. सासूबाईंनी तेवढी उसंत घेतली नाही. दोन दिवसांची धास्ती त्यांच्या तोंडून रागाच्या रूपाने बाहेर पडली. "मी पाजत होते, पोरगी पाजत होती, हा शहाणा पाजत होता! इतकं पोटात जातंय, तर एकदा 'नको' म्हणायला काय जीभ झडली होती? तुम्ही काय लहान बाळ आहात?"

सासूबाईंनी पुन्हा विचारलं, यावेळी हळू. तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "तू विचारायचीस, पाणी प्यायलात का. मला आठवायचं नाही."

"मग?"

"मग आठवत नाही म्हटलं असतं, तर तुला कळलं असतं. म्हणून प्यायचो. प्यायलेलो असलो तर असलो. पाण्याने काय होतंय?"

"काय कळलं असतं मला?"

"दादासारखं होतंय ते."

सासूबाई उठल्या आणि कॉटच्या कडेवर बसल्या. त्यांनी सासऱ्यांचा सुई नसलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अहो, वेडे का खुळे तुम्ही? परवा मी डाव्या पायात एक चप्पल, उजव्यात दुसरी घालून बाजारात जाऊन आले. कोणाला सांगितलं का मी? आणि उद्या खरंच सगळं विसरलात ना, तरी मी आहे की. तुम्ही मला 'आपण कोण' विचारा, मी रोज सांगेन. रोज भांडून सांगेन. पण असं एकट्याने घाबरायचं नाही."

"घाबरलो नव्हतो," घार म्हणाली.

"गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे आधी विसरले म्हणून प्यायले, आणि मग प्यायले म्हणून विसरले," त्या म्हणाल्या. घरी सोडताना त्यांनी बजावलं, की एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. उन्हात राबणाऱ्याची गरज वेगळी, घरात बसणाऱ्याची वेगळी, मुतखडा झालेल्याची वेगळी, आणि या गोळ्या घेणाऱ्याची आणखी वेगळी. सासऱ्यांसाठी त्यांनी दिवसाचं एक माप ठरवून दिलं, नवी गोळी दिली आणि महिन्याभराने पुन्हा बोलावलं. त्या भेटीत त्यांनी सासऱ्यांना भरपूर प्रश्न विचारले, उलटसुलट मोजायला लावलं, चित्रं काढायला लावली. शेवटी म्हणाल्या, "वयाला शोभेल इतकं विसरताय. त्याहून जास्त नाही."

माप मिळालं, पण ते पाजायचं कोणी यावरून घरात लगेच जुंपली. आई म्हणे मी, लेक म्हणे मी. सासऱ्यांनी टेबलावर हात आपटला. मी त्या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच पाहिलं.

"क्रेनवर 'उचल' ही खूण एकाच माणसाने करायची असते," ते म्हणाले. "चारजण करायला लागले की कोणीतरी मालाखाली चिरडलंच. 'थांब' मात्र कोणीही म्हणावं, झाडूवाल्याने म्हटलं तरी मी थांबायचो. तर पाणी द्यायचं ते हिनेच. बाकीच्यांनी वाटलं तर थांब म्हणायचं."

त्या निवाड्याने सासूबाईंचा चेहरा असा फुलला, की टबाचा हिशोब त्या विसरल्या असतील अशी मला आशा वाटली. नव्हत्या विसरल्या. पुढचे आठ दिवस माझ्या ताटात सगळ्यात शेवटी वाढलं गेलं.

परवा रविवारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. सगळ्यांची पानं वाढून झाली, सासूबाई सगळ्यात शेवटी बसल्या. बसता बसता जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, पाणी प्यायलात का?"

बायकोचा हात घासासकट थांबला. माझाही.

सासऱ्यांनी घास सावकाश चावून संपवला. "आठवत नाही," ते म्हणाले, अगदी मोठ्याने, जेवण छान झालंय म्हणावं तसं.

"तहान लागलीय का?"

त्यांनी डोळे मिटून क्षणभर अंदाज घेतला. "नाही."

"मग राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि भरलेला ग्लास बाजूला ठेवायला लागल्या.

"थांब," सासरे म्हणाले. "तू प्यायलीस का?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सकाळपासून स्वयंपाकघरात उभ्या होत्या त्या, कपाळावर घाम होता. इतकी वर्षं त्यांनी सगळ्या घराला पाणी विचारलं, पण त्यांना कोणी विचारलं असेल असं मला तरी आठवत नव्हतं. त्यांच्या लेकीनेही मान खाली घातली.

"मला पण नाही आठवत," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी तो ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. मग सासऱ्यांनी पाण्याच्या जगाकडे हात नेला, अर्धा ग्लास आणखी भरला आणि त्या 'थांबा' म्हणेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.